पाच लाखांच्या आतला फुटपाथ : माझा अनुभव

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या भागातलं एखादं लहान काम कोणीही नागरिक सुचवू शकतो. ही सोय २००६-०७ पासून आहे. तरी मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या बहुतेकांनी ‘असं असतं का?’ असंच विचारलं. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

बजेटचा काही भाग नागरिकांनी ठरवायचा, ही पद्धत ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे तिचं रूप साधं आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात महापालिका सूचना मागवते, पेपरात बातमी येते, आणि क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. एका कामाला साधारण पाच लाखांची मर्यादा. फुटपाथ, बाक, पथदिवे, बसथांब्याची डागडुजी, अशी कामं त्यात बसतात. सूचना मान्य झाली की पुढच्या एप्रिलपासूनच्या वर्षात तिच्यासाठी तरतूद होते.

माझं काम फुटपाथचं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडापासून पीएमपीच्या बसथांब्यापर्यंत जाणारा, चालत पाच मिनिटांचासुद्धा नाही असा तुकडा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई काठी घेऊन चालतात, आणि फुटपाथ असताना त्या रस्त्याच्या कडेने, रिक्षा-स्कूटरच्या मधून जायच्या. ‘आई, वरून चला ना,’ म्हटलं की म्हणायच्या, ‘वर चढवणार कोण मला?’ एकदा टेप घेऊन कोपऱ्यावरची पायरी मोजली तेव्हा ती अकरा इंच भरली. घरातल्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते. शिवाय त्या तुकड्यात पाच सोसायट्यांची गेटं आहेत आणि प्रत्येक गेटापाशी फुटपाथ तुटतो. उतरा, गाडीची वाट ओलांडा, पुन्हा चढा. काठीवाल्या माणसाने हे एका फेरीत पाच वेळा करायचं!

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांच्या सोयींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी १०३. त्यात कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेची, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असं आहे, म्हणजे सहा इंच. फुटपाथ उंच करायचे ते दुचाकी चढू नयेत म्हणून, असं सांगितलं जातं. पण दुचाकी गेटापाशी असलेल्या उतारावरून आरामात चढतात. त्या उंचीमुळे अडतात ती माणसंच, आणि त्यातही ज्यांना फुटपाथची सगळ्यात जास्त गरज आहे ती.

फॉर्म भरायच्या आधी मी आमच्या सोसायटीतल्या काकांना दाखवला. ते सरकारी नोकरीत रस्त्यांच्या कामावरच रिटायर झालेले. मी ‘फुटपाथ चालण्यायोग्य करणे’ असं लिहिलं होतं. ते वाचून म्हणाले, ‘अगं, याचं एस्टिमेट कसं करणार तो? कुठून कुठपर्यंत, किती मीटर, किती उंची कमी करायची, ते लिही. जेईला (कनिष्ठ अभियंत्याला) जागा सापडली पाहिजे.’ मग रविवारी सकाळी, रहदारी सुरू व्हायच्या आत, आम्ही दोघांनी तो तुकडा मोजला. जागेची खूण म्हणून काकांनी पथदिव्यांच्या खांबांवर रंगवलेले नंबर टिपून घेतले, कारण सोसायटीच्या नावापेक्षा खांबाचा नंबर ऑफिसात लवकर कळतो. प्रत्येक गेटाची रुंदी, दोन्ही बाजूंची उंची, मध्ये येणारे चेंबर, एक महावितरणचा डीपी बॉक्स (विजेची पेटी), एक गुलमोहर, सगळं वहीत उतरवलं. फोटो काढताना टेप कर्बला लावून काढले, म्हणजे आकडा फोटोतच दिसतो. मग कामाच्या नावात लिहिलं : अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंतच्या फुटपाथची कोपऱ्यावरील उंची कमी करणे व गेटसमोर फुटपाथ सलग पातळीत करणे. फॉर्म दिल्यावर आवक क्रमांक टाकलेली पोच मागून घेतली. पुढे प्रत्येक वेळी विचारला गेला तो हाच क्रमांक.

काही आठवड्यांनी कनिष्ठ अभियंता जागा पाहायला आले. तरुण मुलगा, हातात आमचाच फॉर्म. ते म्हणाले, ‘मॅडम, कोपऱ्यात रॅम्प टाकून देतो, होऊन जाईल.’ काकांनी तिथेच हिशोब मांडला. रॅम्पचा उतार एकास बाराहून तीव्र नको, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. अकरा इंचांसाठी अकरा फुटांचा रॅम्प लागेल. तो रस्त्यात काढला तर गाड्या अडणार, आणि आखूड केला तर त्याची घसरगुंडी होणार, पावसात तर कोणी पाय ठेवणार नाही. अभियंत्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘मग फुटपाथच खाली आणू.’ कोपऱ्याकडे येताना फुटपाथ हळूहळू उतरवत सहा इंचांवर आणायचा आणि तिथून छोटा रॅम्प. गेटापाशी उलट, गाडीची वाट फुटपाथच्या पातळीला उचलायची, म्हणजे चालणारा सरळ जाईल आणि चढ-उतार गाडी करेल. उताराचं टोक कर्बच्या रेषेबाहेर येऊ द्यायचं नाही, नाहीतर कडेचं पाणी पावसाळी जाळीपर्यंत जाणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांनी मनापासून लक्ष घातलं, याचं मला फार बरं वाटलं. लोक नुसती तक्रार घेऊन येतात, मापं घेऊन कोणी येत नाही, असं जाता जाता म्हणाले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शेजाऱ्यांना पटवण्यात. गेटासमोरची वाट उचलायची म्हटल्यावर ‘गाडीचं पोट घासेल’ असा आक्षेप आला. एका चेअरमनसाहेबांना काकांनी गेटावर नेऊन दाखवलं की आत-बाहेर दोन्हीकडे लांब उतार दिला तर स्पीडब्रेकरपेक्षाही कमी चढ लागतो. त्यांच्याच आईंना व्हीलचेअरवरून दवाखान्यात न्यावं लागतं. त्यांनी ना-हरकत पत्र दिलं आणि शेजारच्या सोसायटीशी स्वतः बोलले. दोन गेटांची संमती मात्र आली नाही.

बोलार्डवरून, म्हणजे गाड्या चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी लावायच्या बुटक्या खांबांवरून, आमच्यातच मतभेद होते. कोपरा सखल झाल्यावर दुचाकी चढणार, तर खांब हवेत. पण व्हीलचेअर जायला सहज मीटरभर मोकळी जागा लागते, आणि तेवढ्यातून स्कूटरही जाते. खांब जवळ जवळ लावले तर स्कूटर थांबेल आणि व्हीलचेअरही थांबेल. माझं मत ठाम होतं : दुचाकीवाल्यासाठी पोलीस आहे, दंड आहे, आणि त्याला रस्ताही आहे. व्हीलचेअरवाल्याला दुसरी वाट नाही. खांब शेवटी रुंद अंतरावरच लागले.

जानेवारीनंतर अंदाजपत्रकाच्या बातम्या येऊ लागल्या. नागरिकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीत आमच्या खांबांचे नंबर छापलेले सापडले तेव्हा काकांनी अख्ख्या जिन्याला पेढे वाटले. पण यादीत नाव येणं म्हणजे काम होणं नव्हे, हे इथे मुद्दाम सांगते. एप्रिल-मे निविदांच्या कागदपत्रांत जातो आणि जूनपासून पावसाळा, तेव्हा खोदाई बंद. म्हणजे खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर तरतूद संपते, आणि त्याआधी वर्गीकरण होऊन पैसे दुसऱ्या कामाकडे वळण्याची भीती असतेच. लहान कामं अशीच, कोणी विचारलं नाही म्हणून, मागे राहतात.

इथे एका गोष्टीचा फार उपयोग झाला. तेव्हा पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात, माहिती अधिकाराचा अर्जही न करता, नागरिकांना फाइल पाहता यायची. २००९ मध्ये इथे सुरू झालेली ही पद्धत राज्य सरकारने २०१८ मध्ये इतर सरकारी कार्यालयांनाही लावली. मी दसऱ्यानंतर एका सोमवारी पोच घेऊन गेले आणि एस्टिमेट पाहायला मागितलं. संमती दिलेली तिन्ही गेटं त्यात होती, पण कोपऱ्याशी सरसकट नवे ब्लॉक धरले होते आणि फुटपाथ उतरवण्याचा उल्लेखच नव्हता. जुने ब्लॉक चांगले होते. तेच काढून पुन्हा बसवले तर वाचलेल्या पैशात कोपरा उतरवता येत होता. अभियंत्यांना दाखवलं, त्यांनी दुरुस्ती करून घेतली. फाइल पाहिली नसती तर आम्हाला त्याच उंचीवर नवे कोरे ब्लॉक मिळाले असते.

काम सुरू झालं डिसेंबरात. मुकादम अनुभवी होता. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन मुलं दोन टोकांना धरून उभी राहायची, आणि पाण्याची रेघ जिथे स्थिरावेल तिथे खडूची खूण. एका गेटाचा उतार घाईत आखूड झाला होता. काकांनी टेप लावून दाखवला, काँक्रीट ओलं होतं तोवर त्यांनी तो मोडून पुन्हा केला, कुरकुर न करता. आम्ही रोज चहा पाठवत होतो आणि प्रत्येक गेटावर सोसायटीतलं कोणी ना कोणी उभं असायचं. माझा सल्ला विचाराल तर काम चालू असताना कोणीतरी जागेवर राहाच. सिमेंट वाळल्यावर केलेल्या तक्रारीला फोडायचं ब्रेकर मशीन लागतं.

आता सासूबाई थांब्यापर्यंत फुटपाथवरून जातात. मध्ये उरलेल्या दोन गेटांशी अजून उतरावं लागतं, तिथे गुलमोहराला हात टेकून थांबतात आणि मग उतरतात. ज्यांचा मी विचारच केला नव्हता अशा बायकांनाही उपयोग होतो आहे : ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई कचऱ्याच्या ढकलगाड्या आता तिन्ही गेटांवरून न उचलता नेतात. पूर्वी एकीने पुढून ओढायचं आणि दुसरीने मागून रेटायचं, असं चालायचं. स्कूटर अधूनमधून चढतात, तेव्हा थांबवून सांगतो. काही ऐकतात.

उरलेल्या दोन सोसायट्यांपैकी एकीने आता आपणहून पत्र दिलं आहे, तयार झालेलं गेट पाहून. यंदाच्या फॉर्ममध्ये ते गेट टाकलं आहे, आणि दुसऱ्या फॉर्मवर थांब्याशेजारच्या झाडाखाली पाठ टेकता येईल आणि उठताना धरायला हात असतील असा एक बाक. बाकाची बैठक जमिनीपासून अठरा इंच असावी असं लिहिलंय. सासूबाईंना उठता येईल अशी घरातली खुर्ची मोजून तो आकडा काढला.