पऱ्हाटीचं झाड : आमची वाटचाल

आमच्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. शेवटची वेचणी झाली की ती चिमट्यानं उपटायची, धुऱ्यावर तिचा ढीग घालायचा आणि लागेल तशी चुलीत घालायची. मोर्शी तालुक्यातल्या माझ्या सासरी मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच पाहत आले. याच पऱ्हाटीवर एक दिवस आपला उद्योग उभा राहील, असं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

सुरुवात २०१६ च्या डिसेंबरात झाली. मी तेव्हा शिवणकाम करायची. तालुक्याच्या गावातल्या चर्चच्या पाळकांच्या पत्नी, म्हणजे पाळकीणबाई, माझ्याकडे नेहमी कपडे शिवायला टाकत. त्या वर्षी त्या नाताळच्या गाण्यातल्या मुलींचे झगे घेऊन आल्या तेव्हा फार काळजीत होत्या. चर्चमधलं जुनं प्लॅस्टिकचं झाड उंदरांनी कुरतडलं होतं. नोटाबंदीला महिना उलटून गेला होता, तरी एटीएमसमोर रांगा होत्या आणि २,००० ची नोट दिली तर सुटे द्यायला कोणी तयार नव्हतं. वर्गणी गोळा होईना, मग नवीन झाड आणणार कुठून? त्या म्हणाल्या, "मोरपंखीची फांदी तोडून लावू म्हणतात सगळे, पण जिवंत झाड तोडायला माझं मन होत नाही."

मी बोलून गेले, "बाई, मी करून पाहते काहीतरी."

दुसऱ्या दिवशी शेतात गेले तर पऱ्हाटी तीच, पण मी पहिल्यांदाच नीट पाहत होते. खालच्या फांद्या लांब, वर जावं तशा आखूड, शेंडा निमुळता. नाताळच्या कार्डावर असतं अगदी तसं. कापूस वेचून झालेलं बोंड वाळलं की चार-पाच टोकदार पाकळ्यांचं तपकिरी फूल होतं, ते फांदीफांदीवर होतं. काही बोंडांत शेवटचा कापूस अजून लोंबत होता. युरोपात झाडावर बर्फ दाखवायला कापूस चिकटवतात म्हणे. आमच्या झाडाला तो आपसूकच आलेला होता.

पाच फूट उंचीची दोन झाडं मुळासकट आणून मी ओसरीत उभी केली. सासूबाई म्हणाल्या, "जाळाची पऱ्हाटी घरात काऊन उभी करून राह्यली?" मी कारण सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग उठून गोठ्यात गेल्या आणि ज्वारीचे चार धांडे घेऊन आल्या. लहानपणी धांड्यांच्या बैलगाड्या करायची सवय त्यांच्या हातात होती. त्यांनी विळ्यानं धांड्याची साल लांब पातळ पट्ट्यांत सोलली. आतल्या पांढऱ्या मऊ गाभ्याचे बोटभर तुकडे केले आणि सालीच्या टोकदार काड्या त्या तुकड्यांत खुपसून ते एकमेकांना जोडले. ना डिंक, ना दोरा. अर्ध्या तासात पाच टोकांची चांदणी तयार झाली. आज आमच्या मालात लोक सर्वात आधी जी वस्तू हातात घेतात ती हीच चांदणी, आणि ती मी नाही, सासूबाईंनी घडवली आहे. हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते.

झाडाच्या पायथ्याशी काय ठेवायचं हे पाळकीणबाईंनीच सुचवलं. त्या म्हणाल्या, "लूकच्या शुभवर्तमानात झाड कुठंच नाही. गव्हाण आहे, बाळ येशूला तिच्यात निजवलं होतं." गव्हाण तर आमच्या गोठ्यात रोजची. मी तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, वीतभर गव्हाण बांधली, तिच्यात कडब्याची कुटी भरली आणि ती झाडाखाली ठेवली. नाताळच्या उपासनेला मी, सासूबाई आणि माझी जाऊ तिघी गेलो होतो. झाडाखाली लहान मुलं गुडघे टेकून ती गव्हाण पाहत होती. परत येताना जाऊ म्हणाली, "ताई, पुढच्या साली जास्त करू." तिचं हे वाक्य म्हणजेच आमच्या धंद्याचा पहिला ठराव.

२०१७ मध्ये आम्ही ४० झाडं आणि दीडशे चांदण्या केल्या. झाडं बोंडांसकट होती. त्याच वर्षी विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कापसाची वाट लावली, आमच्या शेतातही निम्मी बोंडं किडकी निघाली. आम्हाला वाटलं, वाळलेल्या झाडात आता काय राहिलं असणार? पुण्याच्या एका शाळेत सहा झाडं पाठवली. चार दिवसांनी फोन आला. वर्गात झाड उभं केलं होतं आणि न उमललेल्या बोंडांतून गुलाबी अळ्या बाहेर येऊन मुलांच्या वह्यांवर फिरत होत्या. बाई ओरडून बोलत नव्हत्या, फार शांतपणे बोलत होत्या, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. सगळे पैसे परत केले. पार्सलचा खर्चही आमच्याच अंगावर आला.

त्यानंतर मी गावातल्या कृषी सहायकांना गाठलं. त्यांनी एक बोंड फोडून दाखवलं. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या आणि त्यांच्या आत अळी गुंडाळी करून पडली होती. ही अळी अशीच महिनोन् महिने झोपून राहते. म्हणूनच पऱ्हाटीचा ढीग वर्षभर शेतात ठेवू नका असं ते दरवर्षी सांगत आले होते. आम्ही मात्र ते कानामागे टाकत आलो होतो, सगळं गावच टाकत होतं.

तेव्हापासून नियम केला. न उमललेलं, किडकं, कवडी झालेलं एकही बोंड घरात यायचं नाही, ते शेतातच जाळायचं. झाड पूर्ण झाडून, नुसत्या फांद्या घेऊन यायचं. पूर्ण उमललेली रिकामी बोंडं वेगळी वेचायची, उन्हात टाकायची आणि मग आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवायची. डीप फ्रीझर आमचा नाही. बसस्टँडजवळच्या आइस्क्रीमवाल्या भाऊंचा थंडीत रिकामाच असतो, तो ते नाममात्र भाड्यानं देतात. बोंडं पुन्हा फांद्यांना तारेनं बांधायची म्हणजे एका झाडाला दोन तास जास्त लागतात. किंमत वाढली, पण त्यानंतर एकदाही तक्रार आली नाही.

दुसरी अडचण वेळेची होती. शहरातल्या ऑर्डरी नोव्हेंबरात लागतात, तेव्हा आमची पऱ्हाटी शेतात उभी असते आणि वेचणी ऐन भरात असते. उभं पीक कोण उपटेल? म्हणून नाताळला जाणारी झाडं गेल्या हंगामातली असतात, फेब्रुवारीत निवडून, झाडून, पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेली. बायांचंही तसंच. वेचणीची मजुरी सोडून नोव्हेंबरात आमच्याकडे कोणी यावं अशी अपेक्षा करणं चुकीचं आहे, मी स्वतःही वेचायला जाते. म्हणून चांदण्या, घंटा, तोरणं ही कामं श्रावण-भाद्रपदात होतात, बाहेर पाऊस असतो आणि हाताला दुसरं काम नसतं. आज गावातल्या १४ जणी हे काम करतात. नगावर पैसे मिळतात आणि ते काम दिल्याच्या दिवशीच मिळतात. माल विकला जाईपर्यंत त्यांनी थांबायचं, हे मला पटत नाही.

संत्र्याचं सांगायलाच हवं, कारण त्यावर आमची दोन वर्षं गेली. मोर्शी-वरूड हा संत्र्याचा पट्टा. युरोपात नाताळात संत्र्याच्या चकत्या वाळवून झाडाला टांगतात हे मी मोबाईलवर पाहिलं होतं. वाटलं, हे तर आपल्याच घरचं. पण नागपुरी संत्र्याची साल सैल. चकती कापली की साल एकीकडे, फोडी दुसरीकडे. वाळल्यावर हातात नुसतं रिंगण उरायचं. मोसंबीच्या चकत्या नीट वाळतात, त्या आम्ही आजही करतो, पण मला संत्रंच हवं होतं.

मग लक्ष गेलं फळगळीकडे. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या झाडांची, फळं ऑगस्ट-सप्टेंबरात गळतात आणि बागेत हिरव्या फळांचा सडा पडतो. शेतकऱ्याला तो पाहवत नाही. मी दिरांच्या बागेतून लिंबाएवढी, सुपारीहून थोडी मोठी अशी फळं वेचून आणली. प्रत्येकाला सालीवर आठ उभ्या चिरा दिल्या, टोकं न तोडता. सोलर ड्रायरमध्ये ती बारा-तेरा दिवसांत कडक झाली. चिरा उघडून फळ छोट्या कंदिलासारखं दिसायला लागलं, रंग गडद तपकिरी, आणि नाकाजवळ नेलं की अजून संत्र्याचा वास. पतंगानं टोचलेलं किंवा मऊ पडलेलं फळ घेतलं तर ते ड्रायरमध्येही सडतं, म्हणून निवड फार कडक ठेवावी लागते, शंभरातली साठेक बाद होतात. झाडाला काचेचे गोळे लावायची पद्धत जर्मनीतल्या लाउशा गावच्या काच कारागिरांनी पसरवली. आमच्या झाडाला आमच्या बागेतले गोळे लागतात. ज्या फळाचा शेतकऱ्याला एक रुपया मिळत नव्हता त्याचे आम्ही किलोवर पैसे देतो. रक्कम मोठी नाही, पण गळलेलं फळ विकलं जातं हेच पाहून आमचे दीर पहिल्या वर्षी कितीतरी वेळ नोटांकडे पाहत बसले होते.

एक चूक मात्र मला आजही टोचते. लाल रंग हवा म्हणून आम्ही एका वर्षी गुंजांच्या माळा केल्या. दिसायला इतक्या सुरेख की सगळ्या हातोहात गेल्या. पाळकीणबाईंच्या ओळखीच्या एका परिचारिकेनं पाहिलं आणि लगेच सांगितलं की गुंज विषारी असते, मुलानं चावून गिळली तर जिवावर बेतू शकतं. ज्यांना माळा विकल्या होत्या त्या प्रत्येकीला मी स्वतः फोन केला, माळा परत मागवल्या आणि पैसे दिले. सात माळा परत आल्या नाहीत, तेव्हा नागपूरला जाऊन त्या घेऊन आले. आता लाल रंगासाठी जुन्या लुगड्यांचे काठ कापून वापरतो. घरी कोणी नाताळची सजावट करत असेल तर एवढं ऐका, रानातली कुठलीही बी ओळखीची असल्याशिवाय मुलांच्या हाती लागेल अशी टांगू नका.

सर्वात जास्त खपतं ते भिंतीवरचं झाड. शहरातल्या घरात पाच फुटी पऱ्हाटी ठेवायला जागा नसते. त्यासाठी आम्ही तुराट्या वापरतो. सात सरळ तुराट्या घ्यायच्या, खालची तीन फूट, वरची अर्धा फूट, मधल्या उतरत्या मापाच्या. दोन्ही टोकांना सुतळीच्या गाठी मारत वीत-वीत अंतरानं शिडीसारख्या बांधायच्या, वर दोऱ्या एकत्र आणून फास करायचा. भिंतीवर खिळ्याला टांगलं की त्रिकोणी झाड तयार. प्रत्येक तुराटीला चांदण्या, संत्र्याचे गोळे, मुलांनी केलेली कागदाची फुलं, काहीही अडकवा. गुंडाळलं की चटईसारखं होतं, त्यामुळे कुरिअरला परवडतं. हे झाड घरी कोणालाही करता येतं आणि मी ते मागेल त्याला शिकवते. जाऊ म्हणते, शिकवलंस तर विकत कोण घेईल? पण ज्या शाळांत मी शिकवायला गेले त्यांनीच पुढच्या वर्षी चांदण्यांच्या ऑर्डरी दिल्या.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली, तीत सजावटीचं थर्माकोलही होतं. २०२२ च्या १ जुलैपासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर बंदी आली, त्या यादीतही सजावटीचं थर्माकोल आहे. शाळा आणि कार्यालयांच्या चौकशा त्यानंतर वाढल्या. मधलं २०२० चं वर्ष जवळजवळ कोरडं गेलं, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही, तेव्हा शिवणयंत्रावर मास्क शिवून घर चाललं. त्याच काळात लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मात्र करून घेतली.

दुकानदारांचा अनुभव संमिश्र आहे. एका मोठ्या शहरातल्या दुकानदारानं झाडांना हिरवा स्प्रे आणि चमकी मारून द्या म्हटलं, म्हणजे "खरं" झाड वाटेल. मी नाही म्हटलं. सूचिपर्णी झाड जर्मनीकडचं, तिकडच्या रानात ते उगवतं म्हणून त्यांनी ते घरात आणलं. इंग्लंडमध्येही राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ मध्ये छापून आलं, त्यानंतर ते घरोघर गेलं. आमच्या रानात पऱ्हाटी उगवते. ती ऑर्डर हातची गेली. दुसऱ्या एकानं ६० नग नेले आणि पैसे दिलेच नाहीत. त्या पैशात माझ्या बायांची मजुरी होती, ती मी दागिना गहाण ठेवून दिली. तेव्हापासून निम्मे पैसे आधी, मग माल.

नाताळ संपल्यावर या झाडाचं काय करायचं, असं बरेच जण विचारतात. तार आणि काठाच्या फिती काढून ठेवा, बाकीचं चुलीत, बंबात किंवा कुंडीच्या मातीत घाला. चांदणी मात्र ठेवा. कोरड्या जागी कागदात गुंडाळून ठेवली तर ती बरीच वर्षं टिकते.

पाळकीणबाईंच्या यजमानांची काही वर्षांपूर्वी बदली झाली. त्या आता दुसऱ्या जिल्ह्यात असतात. २०१६ ची ती पहिली चांदणी त्या सोबत घेऊन गेल्या. दरवर्षी नोव्हेंबरात ती एका डब्यातून आमच्याकडे येते, कारण वाळून वाळून सालीच्या काड्या सैल होतात आणि एखादं टोक निसटतं. सासूबाई आता चष्मा लावून बसतात, जुनी काडी ओढून काढतात, नवीन सोलतात, टोक जागेवर बसवतात आणि चांदणी उलटी करून हलवून पाहतात. यंदाही डबा आला आहे. ओसरीत संत्र्याच्या ट्रेशेजारी ठेवला आहे, उद्या कुरिअरनं परत जाईल.