'फोटो कोणी काढला?'

परदेशात राहणाऱ्याने घरच्या ग्रुपवर जरा बरा फोटो टाकला की कौतुकाआधी चौकशी येते, 'कोणी काढला?' 'ट्रायपॉड लावून मीच' हे उत्तर कुणाला पटत नाही, आणि पटलंच तर लगेच कीव सुरू होते. कीव नको. तिकडे घरी हाकेला मावसभाऊ असतो खरा, पण तो फोटोत पाय कापतो आणि 'हं, झाला' म्हणून कॅमेरा हातात देतो. इथे अनोळखी लोक आपणहून 'काढून देऊ का?' विचारतात, हा चांगुलपणाच. फ्रेम मात्र त्यांची असते. आणि सेल्फीत हातभर अंतरावरून नाक मोठं दिसतं, ते वेगळंच.

खरा वैताग सेल्फ टायमरचा. बहुतेक कॅमेऱ्यांत फोकस ठरतो तो बटण दाबताना, १० सेकंदांनंतर नव्हे. त्या वेळी तुम्ही कॅमेऱ्यामागे आणि समोरची जागा रिकामी. कॅमेरा सापडेल ते पकडतो, म्हणजे मागची भिंत. मग तुम्ही धावत जाऊन हसता, आणि फोटोत भिंतीची वीट न् वीट मोजता येते, चेहरा तेवढा पुसट. यात कॅमेऱ्याचा दोष नाही, तरी राग यायचा तो येतोच.

त्यासाठी आपल्या जागी आधी काहीतरी उभं करायचं. लाइट स्टँड किंवा उभा बांधलेला झाडूही चालतो, पण टोक डोळ्यांच्या उंचीला हवं. जमिनीवरच्या बॅगेवर फोकस करून भागत नाही, कारण कॅमेऱ्यापासून बॅग आणि डोळे यांचं अंतर सारखं नसतं. टोकाला छापील कागद चिकटवा. कोऱ्या, गुळगुळीत पृष्ठभागावर ऑटोफोकस चाचपडत राहतो. सिंगल पॉइंट, म्हणजे फोकसचा एकच चौकोन, कागदावर आणा, बटण अर्धं दाबा, फोकस लागला की लेन्सवरचा किंवा मेनूतला स्विच एएफवरून (ऑटोफोकस) एमएफवर (हाताने फोकस) न्या. आता कितीही वेळा बटण दाबलं तरी फोकस हलत नाही. यानंतर झूमला हात लावायचा नाही. बहुतेक झूम लेन्समध्ये झूम बदलला की फोकसही सरकतो. दांड्याच्या बुडाशी चिकटपट्टीची खूण करा आणि तिच्यावर बुटाचं टोक नव्हे, पावलाचा मध्य ठेवा.

ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेडाचं भोक, मोठं उघडण्याचा मोह आवरा. एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) ८५ मिमी लेन्स, एफ/१.८ आणि २ मीटर अंतर, एवढ्यात स्पष्ट पट्टा जेमतेम ६ सेंमीचा मिळतो. मान जरा पुढे आली की डोळे गेले. तीच लेन्स एफ/५.६ वर १८-१९ सेंमी देते, ५० मिमी असेल तर अर्ध्या मीटरहून थोडं जास्त. एकट्याने काढताना सुरुवात ५.६ पासूनच करावी.

ट्रायपॉड आहे म्हणून १/३० सेकंदाचा शटर स्पीड चालेल असं समजू नका. तो कॅमेऱ्याला धरतो, तुम्हाला नाही, आणि धावत आलेला माणूस डुलतच असतो. १/२०० ठेवा, उजेड कमी असेल तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० करा. फोटोतले दाणे खपतात, हललेला चेहरा खपत नाही.

डोळा ओळखणारा ऑटोफोकस आणि रिमोट किंवा मोबाइल ॲप असेल तर झाडूची गरज नाही, कारण फोकस तुम्ही समोर असतानाच लागतो. २ सेकंदांचा टायमर मात्र लावा, म्हणजे रिमोटचा हात खाली घेता येतो.

ट्रायपॉडच्या जाड नळ्या आधी उघडा. मधला दांडा शक्यतो वर काढूच नका. वाऱ्यात बॅग अडकवली तर ती जमिनीला टेकलेली हवी, लोंबकळली तर तीच ट्रायपॉड हलवते.

पहिला फोटो तिथल्या तिथे १०० टक्के मोठा करून कॅमेऱ्याकडच्या डोळ्याची पापणी बघा. कान ठळक आणि डोळा पुसट असेल तर तुम्ही खुणेच्या पुढे आहात. नाकाचं टोक ठळक असेल तर मागे. पाऊल तेवढंच सरकवा, फोकसला हात लावू नका.