पूजेतला मध

चवथीला माझा जनावरांचा दवाखाना बंद असतो. आमचा दीड दिवसाचा गणपती. सकाळी साडेनऊला मी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होते, तेवढ्यात फोन आला. सावईवेऱ्याहून एक बाई बोलत होत्या. "डॉक्टर, कुत्र्याचं पिल्लू लुळं पडलंय, मान टाकलीय. मघाशी पाय झाडत होतं." मागून कुणीतरी ओरडलं, बेडूक चाटला असणार.

पावसाळ्यात आमच्याकडे विषारी बेडकाची ही शंका आधी येते आणि ती अनेकदा खरीही निघते. म्हणून विचारलं, लाळ गळतेय का? हिरड्या लालभडक आहेत का? तर हिरड्या पांढुरक्या, कोरड्या. पिल्लू सव्वादोन महिन्यांचं, टॉय पॉमेरेनियन. शेवटचं कधी खाल्लं, या प्रश्नावर फोनवर कुणी बोलेना. मग हळूच उत्तर आलं, "काल संध्याकाळी... घरात चाळीस माणसं, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने घातलं असेल."

"घरात मध आहे?"

"पंचामृतासाठी काढलाय."

"तोच घ्या. बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, शुद्ध नसताना ओतलेलं फुफ्फुसात जातं. टॉवेलमध्ये गुंडाळा आणि फोंड्याला निघा."

मी पोचून दवाखाना उघडला आणि पाठोपाठ ते आले. आई, शाळकरी मुलगा आणि नऊवारीतली आजी. पिल्लू आजीच्या पदरात होतं. वजन 680 ग्रॅम. अंगाचं तापमान 96.8 फॅरनहाइट, जे 101 च्या आसपास हवं. कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. साखर 31. साठच्या खाली गेली की आम्हाला घाम फुटतो, आणि हा आकडा तर हिरड्यांना मध चोळल्यानंतरचा होता.

एवढ्याशा पायात शीर शोधणं फार कठीण. सगळ्यात बारीक सुई घेऊनही दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लागली. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, तेवढ्याच सलाइनमध्ये पातळ करून जेमतेम तीन मिली, तेही मिनिटांवर मिनिटं घालवत, थेंबाथेंबाने. दोन्ही बाजूंना फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या. मुलगा टेबलाची कड घट्ट धरून उभा होता. दहा मिनिटांनी कान हलला. मग डोळे उघडले, आणि थोड्या वेळाने ते डोकं उचलून आजीच्या बोटावरचा मध चाटायला लागलं. साखर 94. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

उपाशी राहिल्याने असं होतं, हे आजीला मात्र पटत नव्हतं. "बाय, आमच्या घरी पंधरा वर्षं पांढरा पॉमेरियन होता. दोन वेळ मासे-भात खायचा. एकादशीला माझ्याबरोबर उपाशी राहिला तरी काही झालं नाही."

मी तिला जवळ बसवून सांगितलं. आजी, तुमचा तो पांढरा म्हणजे इंडियन स्पिट्झ. दिसायला तसाच, पण अंगाने दुप्पट-तिप्पट. हा मोठा झाला तरी दीड ते तीन किलोचाच राहणार. इतक्या लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा नावापुरता असतो, अंगावर मांस नाही, आणि शरीर छोटं म्हणून ऊब मात्र भराभर निघून जाते. मेंदूला तर सतत साखर हवी असते. रात्रीचा उपास, वर फटाक्यांची भीती आणि नव्या घराची दगदग. साठा संपला आणि फिट आली.

मग आईने जे सांगितलं त्याने माझा संताप झाला. विकणाऱ्याने बजावलं होतं, "टीकप आहे, कमी खायला घाला म्हणजे लहान राहील." टीकप नावाची जात कुठल्याही केनेल क्लबच्या नोंदीत नाही. पिल्लाला उपाशी ठेवून त्याचं लहानपण टिकवायचं, हा सल्ला मी गेल्या काही वर्षांत अनेक तोंडांनी ऐकलाय. तो देणाऱ्याच्या हातात एकदा असं थंडगार पिल्लू ठेवावंसं वाटतं.

पिल्लाला चार तास ठेवून घेतलं, दर तासाला साखर पाहिली. पुन्हा असं झालं तर यकृताची तपासणी करायची, कारण छोट्या जातींत काहींच्या यकृताच्या रक्तवाहिन्या जन्मतःच चुकीच्या जोडलेल्या असतात. बाकीचं कागदावर लिहून दिलं. चार महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून पाच वेळा खाणं, एक वेळ झोपण्याआधी. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस. यांची श्वासनलिका नाजूक, पुढे बदकासारखा खोकला लागतो. सोफ्यावरून उडी नाही, पुढचे पाय काडीसारखे मोडतात. उकडतंय म्हणून केस भादरायचे नाहीत, कित्येकदा ते परत नीट उगवतच नाहीत.

"नेवरीतलं सारण चालेल?" आजीने विचारलं.

"मनुका असतात ना त्यात? अजिबात नाही, कुत्र्याची किडनी जाते. भात आणि उकडलेलं अंडं द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला फोन. आजीच होती. रात्री दोनला आणि साडेचारला गजर लावून उठली होती. "दोन्ही वेळा खाल्लं गो. आता माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली, झोपलाय, कुणाला तिथे फिरकू देत नाही मी."