शनिवारच्या रात्रीची भांडी

आजी असती तर आमचा हल्लीचा रविवार बघून तिने कपाळाला हात लावला असता. नगरला आमच्या घरी शनिवारी दुपारपासूनच गडबड सुरू व्हायची, दुसऱ्या दिवशीचा मसाला पाट्यावर वाटून ठेवायचा, तिची पांढरी साडी इस्त्री करून खुर्चीवर, आमचे बूट पॉलिश करून दारात ओळीने आणि दानाची नाणी रुमालाच्या गाठीत. शनिवारला ती तयारीचा दिवस म्हणायची. बायबलमधलाच शब्द आहे तो, पण आम्हाला वाटायचं आजीनेच काढलाय. मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा आणि तरी हाव सुटून जे सातव्या दिवशी गोळा करायला गेले त्यांना काहीच सापडलं नाही, ही बायबलच्या निर्गम पुस्तकातली गोष्ट ती मसाला वाटता वाटताच सांगायची, त्यामुळे मला अजूनही मान्ना म्हटलं की लसूण-खोबऱ्याचा वास येतो.

आता मी पुण्यात. रविवारी सकाळी उपासना, बाहेर आल्यावर सगळ्यांना सलाम, पाळकसाहेबांशी दोन शब्द, घरी येऊन मोबाइलवरून बिर्याणी मागवायची, दुपारी झोप, संध्याकाळी लॅपटॉप उघडायचा नाही. हे शेवटचं मी फार अभिमानाने सांगायचे. अमेरिकेतल्या क्लायंटची सोमवारची मीटिंग असली तरी नाही म्हणजे नाही.

ऑफिसमध्ये माझ्या शेजारी एक ॲडव्हेंटिस्ट मुलगा बसतो, म्हणजे शनिवार पवित्र मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातला, तो शुक्रवारी सूर्य मावळला की फोनच बंद करतो ते थेट शनिवारी सूर्यास्तापर्यंत. आमचा नेहमीचा वाद, शनिवार की रविवार. मी म्हणते प्रभू येशू रविवारी मरणातून उठला, बायबलच्या प्रेषितांच्या कृत्यांत शिष्य आठवड्याच्या पहिल्या दिवशीच भाकर मोडायला जमलेत, तो म्हणतो चौथी आज्ञा, सातवा दिवस विसाव्याचा म्हणून पाळायची, ती कोणी बदलली ते दाखव. मग तो हटकून कॉन्स्टंटाइनवर येतो, 321 साली त्या रोमन बादशहाने रविवारी शहरातली न्यायालयं आणि कारखाने बंद ठेवायचा हुकूम काढला होता. हा वाद आमच्याने मिटणार नाहीये आणि खरं सांगू, मला आता त्यात पहिल्यासारखा रसही नाही. पण त्या हुकमातली एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली, शेतावर राबणाऱ्यांना त्यातून वगळलं होतं. पेरणीची वेळ चुकू नये म्हणून. म्हणजे सुट्टी होती, पण सगळ्यांना नव्हती.

त्याच आठवड्यात निर्गम 20 परत वाचला. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत (शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस) दहा आज्ञा पाठ केल्या होत्या, पण चौथी आम्ही 'शब्बाथ दिवस पवित्रपणे पाळ' एवढ्यावरच संपवायचो. पुढे केवढी मोठी यादी आहे! तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं आणि वेशीच्या आतला उपरा. बायबलच्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात तर कारणच दिलंय की तुझ्यासारखा तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, तू स्वतः मिसर (इजिप्त) देशात दास होतास ते आठव.

हे वाचत होते तेव्हा आमच्या मावशी मोरीत भांडी घासत होत्या. रविवार होता. आणि ती बिर्याणी घेऊन जो मुलगा पावसात चार मजले चढून आला होता (लिफ्ट बंद होती) त्याला मी दारातच थँक्यू म्हणून दार लावून घेतलं होतं, तोंडात प्रभूच्या दिवसाची स्तुती.

मुंबईतल्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 ला, नारायण मेघाजी लोखंडे 1884 पासून मागत होते तेव्हा कुठे. लोखंडे सत्यशोधक, जोतिबांचे सहकारी, चर्चशी काही संबंध नाही, आणि आपल्याकडे रविवार म्हणजे खंडोबाचा वार. तरी मला वाटतं चौथ्या आज्ञेतल्या 'दास, दासी' या दोन शब्दांचं काम त्या माणसाने आम्हा चर्चला जाणाऱ्यांपेक्षा जास्त केलं. हे मी आमच्या स्त्रीसंघात बोलले तर दोघीजणी जरा गप्पच झाल्या, असो.

मग मी मावशींना म्हटलं, रविवारी येऊ नका. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, पैसे कापणार का? नाही म्हटल्यावरही विश्वास बसेना, दुसरी कोणी बघितली का म्हणाल्या. आणि सगळं नीट समजल्यावर म्हणाल्या, ''ताई, बाकीच्या तीन घरी तर रविवारी जावंच लागतं, त्यांच्याकडे पाहुणे रविवारीच असतात. तुमचं एक घर सुटून मी काय करू?''

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाहीये. शेवटी त्यांनीच मधला मार्ग काढला, आमच्याकडचा तो एक तास त्या आता घरी जाऊन आडव्या होतात आणि मग पुढच्या घरी जातात. येशूने सांगितलंय शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, आणि माझ्या शब्बाथातून मावशींच्या वाट्याला सध्या एक तास आलाय.

बिर्याणी बंद केली. मुलगा आठवडाभर तोंड फुगवून होता. आता शनिवारी संध्याकाळीच रस्सा होतो, मिक्सरवर, पाटा कुठे आणायचा, आणि रात्री अकरा वाजता मी घासते, नवरा विसळतो, रविवारची भांडी मात्र सोमवारपर्यंत तशीच पडून असतात आणि उन्हाळ्यात वास येतो. आजी त्याचं काय करायची ते कधी विचारलंच नाही.