आमची वाटचाल : छोटे बोर्ड, भरलेलं पॅनेल

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत कुठल्याही पीसीबीवाल्याकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड बनवणाऱ्याकडे, जा आणि सांगा, १२ बाय ९ मिलिमीटरचे दोनशे बोर्ड हवेत. बहुतेक ठिकाणी ‘परवडत नाही’ एवढंच उत्तर मिळेल. त्यांचंही चूक नाही. बोर्ड केवढाही असो, आखणीची फिल्म काढावीच लागते, ड्रिलचा प्रोग्राम करावाच लागतो, मास्क (वरचा रंगीत थर) आणि लीजंडची (छापील अक्षरांची) स्क्रीन लावावीच लागते. १२ बाय १८ इंची पॅनेलवर, म्हणजे बोर्ड एकत्र काढायच्या मोठ्या शीटवर, असे नऊशेच्या वर बोर्ड बसतात आणि गिऱ्हाइकाला हवेत दोनशे. उरलेलं पॅनेल कोणाच्या नावावर टाकायचं? या एका प्रश्नावर आमची कंपनी उभी राहिली. हे काम इथे आधी आपणच सुरू केलं, असं सांगणारे आहेत; त्यावर मला वाद घालायचा नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

सुरुवात सगळ्यांसारखीच झाली. हायलमच्या (कागद आणि रेझिनच्या स्वस्त) शीटवर सिंगल साइड, हाताने स्क्रीन प्रिंटिंग, फेरिक क्लोराइडची टाकी. स्टॅबिलायझर आणि इमर्जन्सी लाइटवाले गिऱ्हाईक. मामा आले आणि एफआर फोरचं (काचतंतूच्या शीटचं) डबल साइड काम सुरू झालं. मामा म्हणजे माझे पहिले भागीदार. नात्याने कोणी नाहीत, अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची. एका मोठ्या कारखान्यात त्यांनी ड्रिल मशीनवर उमेदीची वर्षं काढली होती. आमचं ड्रिल मशीन जुनं, दुसऱ्याकडून घेतलेलं. त्याच्यावर मामांशिवाय कोणी हात टाकायचा नाही.

०.३ मिलिमीटरचा कार्बाइड बिट ज्याने हाताळला आहे त्यालाच त्याची किंमत कळते. मोठ्या बिटाला तीन-तीन शीटचा गठ्ठा चालतो, ०.३ला मामा एकाच शीटवर काम करायचे. वर ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली बॅकअप बोर्ड, आणि ठरलेली भोकं झाली की बिट बदलायचा, मग तो चांगला दिसत असला तरी. दहापट भिंगाखाली टोक बघून ते बिट बाजूला टाकायचे. बारीक बिटाला पुन्हा धार लावून वापरणं त्यांना मान्य नव्हतं. बोथट बिटाने भोकाची भिंत खरबरीत होते, मग प्लेटिंगमध्ये, म्हणजे भोकात चढवलेल्या तांब्यात, गाठी येतात आणि बोर्ड सोल्डरिंगच्या उष्णतेत दगा देतो. आज आमच्याकडे नवी मुलं आहेत, त्यांनाही हाच नियम आहे.

पॅनेल वाटून घ्यायची कल्पना मामांचीच. चार-पाच गिऱ्हाइकांची डिझाइन एका पॅनेलवर बसवायची. अट एकच: जाडी १.६ मिलिमीटर, तांबं ३५ मायक्रॉन, मास्क हिरवा, फिनिश टिनचं. लाल मास्क हवा असेल तर वेगळं पॅनेल, वेगळा दर. दर मंगळवारी दुपारी पॅनेलची भरती बंद. दुपारनंतर गर्बर (बोर्डाच्या डिझाइनची फाइल) आलं तर ते पुढच्या मंगळवारी. ओळखीपाळखी चालत नाहीत. सेट-अपचा खर्च सगळ्यांत वाटला गेला, म्हणूनच दोनशे बोर्डांचा दर माणसात आला.

तरी खरी परीक्षा बोर्ड सुटा करताना होते. एवढुसा बोर्ड राउटरने (कापायच्या मशीनने) चारी बाजूंनी कापला की तो थेट व्हॅक्यूमच्या पाइपात जातो. सुटे बोर्ड वॉशिंग मशीनच्या रोलरमध्येही अडकतात. म्हणून व्ही ग्रूव्ह (व्ही आकाराची खाच) मारून बोर्ड पट्टीतच ठेवायचे. १.६च्या शीटला दोन्हीकडून खाच मारून मध्ये साधारण ०.४ शिल्लक ठेवायची. कमी ठेवली तर पट्टी असेंब्लीत (कंपोनंट बसवताना) वाकते, जास्त ठेवली तर तुटत नाही.

इथे इचलकरंजीच्या अण्णांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यंत्रमागावर धागा तुटला की माग थांबवणारा सेन्सर ते बनवतात. बोर्ड ९ मिलिमीटर रुंद, त्यावर एक इन्फ्रारेड एलईडी, त्याचा प्रकाश ओळखणारा एक फोटोट्रान्झिस्टर आणि चार-दोन कंपोनंट. एकदा अण्णा बोर्डांची पिशवी घेऊन स्वतः आले. “टेस्टिंगला पास हुत्यात आणि मागावर चढवलं की आठवड्यात मरत्यात,” म्हणाले. बोर्ड आमचा चोख होता, पण तेवढं सांगून मामांनी त्यांना परत पाठवलं नाही. संध्याकाळपर्यंत भिंगाखाली एकेक बोर्ड बघितला. सिरॅमिक कपॅसिटरच्या टोकाशी केसाएवढी चीर होती. त्यांची मुलं पट्टी हाताने मोडायची. कपॅसिटर खाचेला काटकोनात आणि अगदी कडेला बसवला होता, त्यामुळे मोडतानाचा सगळा ताण त्याच्यावर यायचा आणि पुढे मागाच्या हादऱ्यांनी चीर वाढायची. आम्ही कपॅसिटर खाचेला समांतर फिरवला, थोडा आत घेतला, आणि पट्टी दोन चाकांमधून ढकलून तोडण्याचं छोटं मशीन घ्यायला लावलं. त्यानंतर ती तक्रार आली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. एका मोठ्या कंपनीचा परचेसवाला आमच्याकडे आला. ०.८ जाडीचा छोटा बोर्ड, वर्षाची मोठी ऑर्डर तोंडी कबूल, आधी सॅम्पल द्या म्हणाला. पॅनेलची आखणी आम्ही चार वेळा बदलली. त्यांच्या प्लेसमेंट मशीनला (कंपोनंट बसवणाऱ्या मशीनला) पट्टी नीट बसावी म्हणून दोन्हीकडे ५ मिलिमीटरची रेल (रिकामी कड), त्यावर फिड्युशियल (मशीनला जागा ओळखायच्या खुणा), आणि पट्टी उलटी जाऊ नये म्हणून पट्टी अडकवायच्या भोकांतलं तिसरं भोक मुद्दाम मध्यापासून ३ मिलिमीटर सरकवलेलं. हे भोक आमचं. ड्रॉइंग त्यांनी मागितलं, ‘रेकॉर्डसाठी’. आम्ही दिलं. माल तयार हवा म्हणून ०.८ची शीट भरून ठेवा, असंही त्यांनीच सांगितलं.

ऑर्डर आलीच नाही. काही महिन्यांनी त्यांच्याच एका असेंब्लीवाल्याने मला बाहेरून आलेली पट्टी दाखवली. आयात करून इथलं बिल फाडणाऱ्या एका व्यापाऱ्याचा माल होता तो. तिसरं भोक मध्यापासून ३ मिलिमीटर सरकलेलं. पट्टी मी हातात धरून मोजली. ज्याला ते भोक का सरकवलंय हेही ठाऊक नाही, तो ते विकत होता, आणि आमच्या सॅम्पलच्या बिलाचे पैसेसुद्धा अजून मिळाले नव्हते.

त्यात २०२१ आलं. मे महिन्यात लंडनच्या बाजारात तांबं टनाला १०,००० डॉलरच्या वर गेलं. लॅमिनेटवाले (तांबं चढवलेली शीट विकणारे) जुन्या दराने द्यायला तयार नव्हते, रोख आधी मागत होते. आमचा पैसा ०.८च्या शीटमध्ये अडकलेला. चालू पॅनेलला १.६ हवं, ते घ्यायला बँकेच्या सीसी (कर्जाच्या) खात्यात जागा नाही. दोन मंगळवार पॅनेल निघालं नाही. मामा म्हणाले, मशीन विकू या. ते त्यांनी कोणत्या मनाने म्हटलं असेल हे मी जाणतो.

अण्णांना फोन केला तो फक्त उशीर होईल हे सांगायला. त्यांनी विचारलं, “०.८चं किती पडलंय?” मी सांगितलं. म्हणाले, “माझं बोर्ड त्यातच काढा.” त्यांच्या सेन्सरच्या डबीतली खाच १.६ची होती. त्यांनी बोर्डाच्या पाठीला प्लॅस्टिकची पट्टी लावून ती भरून काढली. वर्षभराच्या मालाची निम्मी रक्कम आगाऊ पाठवली. नफ्यातोट्याचा हिशेब केला असता तर हे त्यांनी करायला नको होतं. त्या शीटवरच आम्ही तरलो. पुढे काम रांगेला लागलं, नवं राउटर आलं, बोर्ड तपासणारा फ्लाइंग प्रोब टेस्टर आला.

तरुण धंदेवाल्यांना सांगतो. पॅनेलचं ड्रॉइंग ऑर्डरच्या आधी देऊ नका, पट्टी द्या. उद्यम क्रमांक (लघुउद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक) प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, हे २००६चा कायदा सांगतो. थकलेल्या पैशांच्या तक्रारीचं सरकारी समाधान पोर्टल २०१७ पासून आहे, पण तक्रार केली की गिऱ्हाईक जातं, म्हणून आपण गप्प बसतो. निदान आयकरातलं ४३ बी (एच), म्हणजे वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही, हे कलम आल्यापासून, म्हणजे २०२३-२४ पासून, मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतः फोन करू लागलेत. आणि डिझाइन करणाऱ्यांनो, व्ही ग्रूव्हपासून तांबं अर्धा मिलिमीटर आत ठेवा, कपॅसिटर खाचेला समांतर ठेवा. बाहेरच्या वेबसाइटवर दोन-पाच डॉलरमध्ये बोर्ड मिळतात, खुशाल घ्या. पण त्यात कुरिअर आणि कस्टम ड्यूटी मिळवून मग आमचा दर महाग म्हणा.

त्याच मोठ्या कंपनीतून मागच्या वर्षी नव्या माणसाचा फोन आला. मी अटी सांगितल्या: जुनं सॅम्पलचं बिल आधी, नव्या कामाचे निम्मे पैसे आगाऊ, ड्रॉइंग आमच्याकडे. कळवतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही. मंगळवारचं पॅनेल मात्र भरलेलं आहे.