खरा किल्ला तर उलटा हाय!

आज कापूस वेचून आलो तर लाईन गेलेली. भाचा अंगणात बाजेवर मोबाईल घेऊन पडलेला. पाहतो तं कॅसलव्हेनिया, ड्रॅक्युलाच्या किल्ल्यातला जुना व्हिडिओ गेम! 'सिम्फनी ऑफ द नाईट', १९९७ चा, प्लेस्टेशनवाला. पोट्टा म्हणे, "मामा, रिक्टरले मारलं, तोच शेवटचा दुश्मन, खतम झाला गेम."

म्हटलं, "थांब बे. होली ग्लासेस, तो गेममधला जादूचा चष्मा, घातले होते का?"

नव्हते. ते घालून रिक्टरच्या डोक्यावरचा हिरवा गोळा फोडला की वर अख्खा किल्ला उलटा टांगलेला निघतो. अर्धा गेम तिथंच तर हाय. पोट्ट्यानं लगेच जुना सेव्ह उघडला, जेवाची आठवण नाही त्याले.

मिचिरू यामानेचं संगीत मात्र फोनच्या स्पीकरवर पार मेलं.

माझं मन अजून १९८६ च्या पहिल्या भागातच. हिरो सायमन बेलमाँट, हातात चाबूक. एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही, अन् नेमकं तेव्हाच मेड्युसाचं उडतं मुंडकं येऊन खड्ड्यात ढकलते. भिंत फोडली की जीव भरून देणारी भाजलेली कोंबडी! शेकडो वर्षं जुन्या किल्ल्यात ती ताजी कशी, ड्रॅक्युलालेच ठाऊक.

निन्टेंडो ६४ या गेम मशीनवरचे कॅसलव्हेनियाचे थ्रीडी भाग कोणाले आवडले असतील तर कमेंटात या, भांडू.