गरवणाऱ्याचा गॉगल

गॉगल घेताना माणूस आधी आरशात बघतो. वरातीत मिरवण्यासाठी घ्यायचा असेल तर ते योग्यच. पण समुद्रकाठच्या खडपावर उभं राहून मासे गरवायचे असतील, तर आरसा सोडून दुकानाच्या काउंटरकडे बघावं. काउंटरच्या काचेवर वरच्या ट्यूबलाइटचं पांढरं प्रतिबिंब पडलेलं असतं आणि आत मांडलेल्या फ्रेमा त्याच्याआड गेलेल्या असतात. एक पाऊल मागे सरायचं, त्या प्रतिबिंबाकडे तिरकं बघायचं आणि गॉगल डोळ्यांसमोर धरायचा. नुसतीच काळी काच असेल तर ट्यूब आणि फ्रेमा दोन्ही सारख्याच मंदावतात. काच पोलराइज्ड, म्हणजे आत चमक अडवणारी पातळ फिल्म असलेली, असेल तर ट्यूब जवळजवळ विझते आणि खालच्या फ्रेमांवरच्या किमतीसुद्धा वाचता येतात. तोच गॉगल हातात उभा फिरवला की ट्यूब पुन्हा पेटते. दुकानदार सहसा एक छोटं कार्ड पुढे करतो, त्यातला लपलेला मासा पोलराइज्ड काचेतून दिसतो. त्यावरून काचेत फिल्म आहे एवढंच कळतं, ती नीट बसवली आहे की नाही ते कळत नाही.

पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड मुख्यतः आडवा कंप पावत येतो. पोलराइज्ड काचेतली फिल्म आडवं अडवते आणि उभं तेवढं आत सोडते. १८०८ साली पॅरिसमध्ये मालूस या संशोधकाने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारं मावळतीचं ऊन एका स्फटिकातून पाहिलं, तेव्हा परावर्तित उजेडाचा हा स्वभाव ध्यानात आला. १८१५ मध्ये ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने त्याला कोनाचा नियम दिला. मालूसला विसरलं तरी मासे मिळतात, पण ब्रूस्टरचा कोन ध्यानात ठेवलेला बरा, कारण गॉगलच्या जाहिरातीत तो कधीच नसतो.

पाण्यासाठी हा कोन असा: नजर पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंश करत असेल तेव्हा चमक सगळ्यात जास्त कापली जाते. खडपावर उभं राहून डोळे पाण्यापासून तीन मीटर उंच असतील, तर चार मीटरवरचं पाणी आरपार दिसतं. तीस मीटरवर नजर सहा अंशांहूनही कमी कोनात पडते आणि तिथे भारी पोलराइज्ड काच साध्या काळ्या काचेपेक्षा थोडीच सरस ठरते. म्हणजे दूर फेकलेल्या लुअरच्या, म्हणजे नकली आमिषाच्या, मागे मासा आला की नाही, हे कुठलाही गॉगल खात्रीने दाखवणार नाही. त्याचा खरा उपयोग पायाखालच्या घळीत, खडपाच्या कडेला, लुअर परत येतानाच्या शेवटच्या दहा-बारा हातांत होतो. आणखी लांबचं बघायचं असेल तर महागडा गॉगल घेण्याऐवजी उंच खडपावर चढावं. उंची दुप्पट झाली की स्वच्छ दिसणारा पट्टाही दुप्पट लांब जातो. हे फुकटात होतं, म्हणून कोणी सांगत नाही.

सूर्याचंही गणित यातच येतं. कोकणात समुद्र पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर ऊन समोरून येतं. सूर्य क्षितिजापासून ३७ अंशांच्या आसपास असताना समोरची झळाळी गॉगल सगळ्यात नीट मारतो. मार्चमध्ये ही वेळ चारच्या सुमारास येते, डिसेंबरात तीनच्या. सूर्य बुडायला टेकला की पाण्यावर जो सोनेरी पट्टा पडतो, तो फारच पसरट कोनातून येतो आणि काचेतून बराचसा तसाच आत शिरतो. तेव्हा काच बदलून काही साधत नाही. टोपीची कड खाली ओढायची आणि थोडं बाजूला तोंड करून फेकायचं.

सकाळची अडचण उलटी असते. ऊन पाठीमागून येतं, काचेच्या आतल्या बाजूवर आपटतं आणि स्वतःचाच गाल आणि पापण्या काचेत दिसायला लागतात. म्हणून आतल्या बाजूला परावर्तन रोखणारं कोटिंग असलेली काच घ्यावी. फ्रेमही गालाला आणि कानशिलाला लागून वळणारी हवी. सपाट फ्रेमच्या बाजूने शिरणारं ऊन अर्धं काम बिघडवून टाकतं.

गडदपणाबाबत लोकांचा फार गोंधळ असतो. काच जितकी काळी तितकी भारी, असं नसतं. काचेवर किंवा काडीच्या आतल्या बाजूला एक आकडा असतो, त्याला कॅटेगरी म्हणतात. तीन नंबरची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, दोन नंबरची १८ ते ४३ टक्के. भर उन्हात उघड्या समुद्रासाठी तीन नंबर ठीक. ढगाळ दिवस, खाडी, खारफुटीची सावली असेल तर दोन नंबर. चार नंबर ३ ते ८ टक्केच सोडते आणि ती लावून गाडी चालवायची नसते, म्हणजे घरी परतताना ती काढावीच लागणार. पहाटेसाठी पिवळी काच विकतात. ती डोळ्यांना छान वाटते, पण पोलराइज्ड असेल तर निम्म्याहून जास्त उजेड खातेच. उजाडण्याआधी ती काढून साधी पारदर्शक सुरक्षा-काच लावावी.

रंग उजेडासाठी निवडायचा नसतो, पाण्यासाठी निवडायचा असतो. राखाडी काच रंग जसेच्या तसे ठेवते, होडीतून खोल निळ्या पाण्यावर तीच आरामाची. खडपावर आणि खाडीत मात्र तपकिरी किंवा तांबूस काच सरस, कारण ती निळा उजेड कापते. त्यामुळे वाळूवरची सावली, शेवाळाचा ठिपका आणि हलणारी पाठ यांच्यातला फरक ठळक होतो. एकच गॉगल घ्यायचा असेल तर तपकिरी, दोन नंबरच्या जरा गडद बाजूचा. वरचा निळा-हिरवा आरशासारखा मुलामा उजेड थोडा परतवतो, पण मिठाच्या पाण्यात आणि पुसण्यात तो ओरखडून जातो. दिसायला छान आहे, त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

खाडी म्हटल्यावर एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ खाडीचं पाणी चहासारखं असतं. गढूळ पाण्याच्या आत कुठल्याच काचेतून काही दिसत नाही. जिताडा माशासाठी उघाडीवर, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, बसणाऱ्यांना गॉगल लागतो तो पृष्ठभाग वाचायला. चमक गेली की प्रवाहाची शीव दिसते, कुठे पाणी उलटं फिरतंय ते कळतं, आणि बोय माशांच्या थव्याखालून काहीतरी गेलं की होणारी थरथर नजरेत येते. त्या थरथरीच्या जरा पुढे फेकायचं. स्वच्छ पाण्यात मासा दिसलाच, तर तो दिसतो त्यापेक्षा खोल असतो. वरून सरळ बघितलं तर दीड हातावर वाटणारा मासा दोन हातांवर असतो, तिरकं बघितलं तर फरक आणखी वाढतो.

काच कशाची, हा प्रश्न खडपावर रॉड मारणाऱ्याने सगळ्यात आधी विचारायला हवा. लुअर खडपात अडकतो, माणूस ताणतो, ताणतो, आणि गऱ्यांसकट तो सुटून गोळीसारखा तोंडाकडे येतो. शिशाचं वजनही असंच येतं. पॉलिकार्बोनेट अशा वेळी फुटून डोळ्यात जात नाही. खरी काच ओरखड्यांना दाद देत नाही आणि तिच्यातून स्वच्छ दिसतं, पण जड असते आणि फुटते. तीन तास नाकावर वजन वागवायचं नसेल आणि डोळा शाबूत ठेवायचा असेल तर पॉलिकार्बोनेट घ्यावं, ओरखडे सोसावेत. यूव्ही ४०० हा शब्द, म्हणजे अतिनील किरण अडवले जातात याची खूण, त्यावर असायलाच हवा. रस्त्यावरच्या काळ्या प्लास्टिकमागे बाहुली मोठी होते, आणि त्यात अतिनील किरण अडवण्याची सोय नसेल तर डोळ्यात उलट जास्तच किरण जाऊ शकतात. बघून हे कळत नाही. चष्म्याच्या दुकानात मोजायचं यंत्र असतं, मागितलं तर दाखवतात.

दुकानात करायची आणखी एक तपासणी दोन मिनिटांची आहे. दुकानातल्या संगणकाच्या पडद्यासमोर गॉगल धरून हळूहळू फिरवायचा. पडदा एका कोनात काळा पडतो. दोन्ही काचा एकाच क्षणी काळ्या पडल्या पाहिजेत. एक आधी आणि दुसरी नंतर पडत असेल तर फिल्म तिरकी बसली आहे. असा गॉगल तासाभरात डोकं दुखवतो आणि माणूस दोष उन्हाला देतो. मग गॉगल हातभर लांब धरून दाराच्या चौकटीची उभी कड काचेतून बघायची आणि गॉगल डावीकडे-उजवीकडे हलवायचा. कड वाकडी होत असेल तर परत ठेवून द्यायचा. नंबराचा चष्मा असणाऱ्यांना वर लावायची पोलराइज्ड क्लिप स्वस्तात मिळते, पण दोन काचांमध्ये खारा फवारा जाऊन बसतो. वरून घालायचा मोठा गॉगल कुरूप, पण जास्त उपयोगी.

एका गोष्टीची सूचना कुठल्याच डब्यावर नसते. पोलराइज्ड काच ओल्या कातळाची चमकही पुसून टाकते. ज्या शेवाळावरून पाय सटकणार ते लांबून चकाकतं, म्हणून आपण टाळतो. गॉगलमधून तेच सुक्या खडकासारखं मंद दिसतं. ओहोटीला खडपावर उतरताना गॉगल कपाळावर सरकवून पाय टाकावा, जागेवर पोचल्यावर डोळ्यांवर घ्यावा. दोरी मात्र मानेत कायम असावी. पोलराइज्ड काचा पाण्यात बुडालेला गॉगल शोधायला फार उपयोगी असतात, पण तेव्हा त्या तळाशी असतात.

वापरून झाल्यावर काच कोरडी पुसायची नाही. सुकलेलं मीठ म्हणजे बारीक खडेच. आधी गोड्या पाण्याखाली धरायची, थेंबभर भांड्याचा साबण बोटांनी फिरवायचा, धुवायची, मग मऊ सुती कापड. नेलपॉलिश काढायच्या द्रावात असिटोन असतं, ते पॉलिकार्बोनेटला लावायचं नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवलं की थरांमधली फिल्म काठाकडून सुटायला लागते आणि कोपऱ्यात तेलकट डाग पडल्यासारखं दिसतं. तो डाग धुऊन जात नाही, वाढतच जातो. बिजागरीचे स्क्रू स्टेनलेस आहेत का ते बघून घ्यावं. साधे लोखंडी स्क्रू असतील तर ते गंजतात, आणि मग काडी उघडताना मोडते.